शाळा-कॉलेज गावाच्या कामाला कसं येईल? पायरी पायरीने सगळं सांगतो

गावातली सगळ्यात पक्की इमारत कुठली? पंखे आहेत, लाईट आहे, पाण्याची टाकी आहे, संडास आहे, मोकळं मैदान आहे, आणि कंपाउंडला गेट पण आहे. बहुतेक गावांत उत्तर एकच येतं, शाळा. आणि तीच इमारत वर्षातले जेमतेम दोनशे-सव्वादोनशे दिवस, तेही दिवसाचे सहा-सात तास उघडी असते, बाकी सगळा वेळ कुलूप. त्याच गावात दहावीचं पोरगं एका खोलीत टीव्हीच्या आवाजात अभ्यास करतंय, बाया बचतगटाची मीटिंग देवळाच्या ओट्यावर घेतायत, आणि कुणाला तरी दाखल्यासाठी तालुक्याला चौथी खेप मारावी लागतेय.

मला या लेखात एवढंच सांगायचंय की शाळा-कॉलेजने समाजासाठी काही करायचं म्हणजे फळवाटप नाही, एक दिवसाचं शिबिर नाही. संस्थेकडे जे ऑलरेडी आहे आणि पडून आहे ते गावाला उघडं करायचं, गावाने मागितलंय त्या कामासाठी करायचं, आणि वर्षानुवर्षं चालू ठेवायचं. संस्थाचालक, मुख्याध्यापक, प्राचार्य, एनएसएसचे (राष्ट्रीय सेवा योजनेचे) प्रोग्राम ऑफिसर आणि खाजगी क्लासवाले, सगळ्यांना जमेल असं लिहायचा प्रयत्न करतोय.

हे काही नवं फॅड नाही बरं का. जोतीराव-सावित्रीबाईंनी १८५५ मध्ये शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली कारण दिवसा त्यांना वेळच नव्हता, आणि १८६८ मध्ये आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ ला काले गावात रयत शिक्षण संस्था सुरू केली, नंतर साताऱ्याच्या बोर्डिंगात सगळ्या जातीची पोरं एका पंगतीत जेवायला बसवली आणि कमवा-शिका मधून ती स्वतःच्या पायावर उभी केली. या माणसांनी शाळा आणि गाव असे दोन वेगळे कप्पे कधी केलेच नाहीत. आपण मधल्या काळात गेटला कुलूप लावून बसलो, ते आता उघडायचंय.

पायरी १: आपल्याकडे काय पडून आहे ते लिहून काढा

एक साधी वही घ्या आणि शिपाईमामांना बरोबर घेऊन पूर्ण बिल्डिंग फिरा. शिपाईमामा यासाठी की कुठली चावी कुणाकडे असते आणि कुठल्या खोलीचा पंखा चालत नाही हे त्यांनाच माहीत असतं. प्रत्येक गोष्टीपुढे लिहायचं, ही किती वेळ रिकामी असते आणि चावी कुणाकडे आहे. वर्गखोल्या, लॅब, कॉम्प्युटर रूम, लायब्ररी, मैदान, प्रिंटर-झेरॉक्स, स्कूल बस, पोषण आहाराचं किचन, परसबाग.

मग माणसं लिहा. कुठल्या सरांना शेतीचं कळतं, कुठल्या मॅडमना ऑनलाईन फॉर्म पटापट भरता येतात, ऑफिसमधल्या कुणाला मोडी ही जुनी लिपी वाचता येते, कुठल्या विद्यार्थ्याच्या घरी वेल्डिंगचं दुकान आहे. आणि जुने कागद लिहा, त्याच्याबद्दल पुढे सविस्तर सांगतो कारण ती तर सोन्याची खाण आहे.

ही यादी केल्याशिवाय पुढे जाऊ नका. नाहीतर काय होतं, मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणतं आपण वृक्षारोपण करू, दुसरा म्हणतो आरोग्य शिबिर करू, आणि जे सगळीकडे होतं तेच आपल्याकडे पण होतं.

पायरी २: गावाला विचारा, पण फॉर्म वाटून नाही

गुगल फॉर्म पाठवला तर ज्याच्याकडे वेळ आणि नेट आहे तोच भरणार. ग्रामसभेत विचारलं तर जो नेहमी बोलतो तोच बोलणार. ग्रामसभेत जायचंच, २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तारखा बहुतेक गावांत ठरलेल्या असतात, पण त्याच्या आधी वस्त्यांवर जाऊन या. संध्याकाळी सहानंतर जा म्हणजे शेतावरून माणसं परत आलेली असतात. बायकांशी बोलायचं असेल तर बचतगटाच्या मीटिंगलाच जा, त्यांना शाळेत बोलावू नका, त्यांच्या जागी त्या मोकळेपणाने बोलतात. अंगणवाडी ताई आणि आशा ताईंना तर आधी भेटा, कुणाच्या घरात काय चाललंय हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.

प्रश्न साधे ठेवा. कुठल्या कामासाठी तुम्हाला तालुक्याला पुन्हा पुन्हा जावं लागतं? मुलांच्या शिक्षणात पैसा कुठे जास्त जातो? संध्याकाळी पोरंपोरी कुठे असतात? आणि एक प्रश्न अगदी नक्की विचारा, या वस्तीतलं कुणी असं आहे का जे शाळेच्या आत कधीच येत नाही, आणि का येत नाही. या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ऐकायला जड जातं, कधी जातीचं कारण निघतं, कधी जुना अपमान निघतो, कधी फक्त चप्पल-कपड्यांची लाज असते. पण खरं काम तिथूनच सुरू होतं.

पालघर जिल्ह्यातल्या कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ या बालशिक्षणात काम करणाऱ्या दोघींनी हेच केलं होतं. आदिवासी मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर पालकांना दोष नाही दिला, मूल कुठे असतं ते बघितलं. लहानगी अंगणात खेळत होती म्हणून शिक्षण अंगणात नेलं, त्यातून अंगणवाडीची कल्पना आली, आणि गुरं चारणाऱ्या पोरांसाठी थेट कुरणात शाळा भरवली. कुरणशाळा! माणूस कुठे आहे ते आधी बघा, मग योजना बनवा.

ऊसतोड किंवा वीटभट्टीला जाणारी कुटुंबं तुमच्या गावात असतील तर विचारपूस दसऱ्याच्या आत उरकायची, दिवाळीच्या आसपास लोक निघून जातात. कोण जाणार, पोरं बरोबर नेणार का आजीकडे ठेवणार, याची यादी हातात असली की हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव वेळेत जातो, आणि जी मुलं जातातच त्यांच्या हातात शिक्षण हमी कार्ड देता येतं म्हणजे तिकडच्या शाळेत त्यांना बसता येतं. जानेवारीत यादी करून काहीच उपयोग नाही.

पायरी ३: एकच काम निवडा आणि ते नीट करा

विचारपूस झाली की दहा-पंधरा गोष्टी निघतील. सगळ्या करायला जाऊ नका. पहिल्या वर्षी एक, फार तर दोन. निवडताना बघायचं की गावाने मागितलंय का, आपल्या यादीतल्या वस्तू-माणसांवर होतं का, आणि मुख्याध्यापक बदलून गेले तरी चालू राहील का. ही तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. खाली मी जी कामं मला सगळ्यात मोलाची वाटतात ती सांगतो, तुमच्या गावाप्रमाणे निवडा.

जुनं जनरल रजिस्टर आणि दाखल्यांचं टेबल

हे काम इतकं कमी संस्था करतात आणि याचा इतका फायदा आहे की मी सगळ्यात आधी हेच सुचवतो.

जातीचा दाखला आणि त्यानंतर कास्ट व्हॅलिडिटी (जात पडताळणीचं प्रमाणपत्र) काढायला जुना पुरावा लागतो. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा, ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा. हा पुरावा गरीब माणसाकडे कुठून येणार? ना जमीन ना खरेदीखत. त्याच्या आजोबाने किंवा चुलत आजोबाने दोन यत्ता शिकल्याची नोंद असेल तर तोच एक कागद, आणि तो कागद शाळेच्या कपाटात लाल कापडात गुंडाळलेल्या जनरल रजिस्टरमध्ये, म्हणजे शाळेत नाव घातलेल्या प्रत्येक मुलाच्या नोंदवहीत आहे. म्हणजे शाळेच्या एका कपाटावर शेकडो मुलांची इंजिनिअरिंगची, नर्सिंगची, नोकरीची वाट अडलेली असते.

आता करायचं काय. पहिलं, सगळी जुनी रजिस्टर एकत्र करा, वाळवी लागली असेल तर आधी ती थांबवा, पानं सुटली असतील तर क्रमाने लावा. सेलोटेप अजिबात लावायची नाही, ती काही वर्षांत पिवळी पडते आणि खालची शाई खाते. दुसरं, प्रत्येक पानाचा वरून सरळ, चांगल्या उजेडात फोटो काढा, फाईलला रजिस्टरचं वर्ष आणि पान नंबर द्या. तिसरं, एक एक्सेल शीट करा, रजिस्टर नंबर, दाखला क्रमांक, विद्यार्थ्याचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, गाव, प्रवेशाची तारीख, पान नंबर. एवढंच. एवढ्याने कारकुनाला दोन दिवस शोधावी लागणारी नोंद दोन मिनिटांत सापडते. कॉलेजची एनएसएसची मुलं दिवाळीच्या सुट्टीत हे काम करू शकतात, जुन्या काळातली मोडीतली पानं असतील तर जाणकार माणूस गाठा, मोडीचे वर्ग आता बऱ्याच ठिकाणी चालतात.

काही गोष्टी मात्र कडक पाळायच्या. मूळ रजिस्टरमध्ये एक टिंबही बदलायचं नाही, स्पेलिंग चुकलेलं दिसलं तरी नाही. ती शीट नेटवर टाकायची नाही, व्हॉट्सॲप ग्रुपवर तर अजिबातच नाही, लोकांच्या जाती आणि जन्मतारखा आहेत त्यात. उतारा मागणाऱ्याचा अर्ज आणि नातं लिहून घ्या, आणि द्यायचा दिवस ठरवून टाका. उताऱ्यासाठी कुणाला गेटवर ताटकळत ठेवायचं नाही.

याच्या जोडीला आठवड्यातून एक दिवस दाखल्यांचं टेबल लावा, बाजारच्या दिवशी लावलं तर उत्तम कारण वस्त्यांवरची माणसं त्या दिवशी गावात येतातच. शिष्यवृत्ती अडकण्याची कारणं बहुतेक छोटीच असतात, आधार आणि मार्कशीटवर नाव वेगळं, बँक खातं आधारला लिंक नाही, उत्पन्नाचा दाखला जुना, महाडीबीटी या शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवर अर्ज कॉलेजच्या लॉगिनला पडून राहिला आणि कुणी पुढे पाठवलाच नाही. हे शेवटचं तर पूर्ण आपल्या हातात आहे! २०२४ पासून महाराष्ट्रात आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींची व्यावसायिक कोर्सची शिक्षण आणि परीक्षा फी माफ आहे, तरी दाखला वेळेत नाही म्हणून ॲडमिशनला आईबाप उसने पैसे भरतात. टेबलावर एक रजिस्टर, एक लॅपटॉप, एक प्रिंटर आणि एक माहितगार माणूस, एवढंच लागतं. दहावी-बारावीच्या पोरांची कागदं निकालाच्या आधी, म्हणजे डिसेंबर-जानेवारीतच तपासायला घ्या. जूनमध्ये सेतू केंद्रावर काय रांगा असतात ते सगळ्यांना माहीत आहे.

संध्याकाळची अभ्यासिका

हे सोपं वाटतं पण बंद पण लवकर पडतं, म्हणून नीट वाचा. दोन खोल्या, संध्याकाळी सहा ते दहा, ट्यूबलाईट चांगल्या, प्यायचं पाणी, चार्जिंगचे पॉइंट. लायब्ररीतली स्पर्धा परीक्षेची पुस्तकं आणि रोजचा पेपर तिथेच ठेवा. बंद पडण्याचं कारण नेहमी चावी असते. शिपाईमामांवर टाकलं की त्यांचीही ड्युटी संपलेली असते, ते किती दिवस थांबणार? म्हणून चावी अभ्यासिकेत येणाऱ्या मोठ्या मुलांच्या कमिटीकडे द्या, पोलीस भरती आणि एमपीएससी करणारी पोरं यात सगळ्यात भरवशाची असतात, त्यांना जागेची गरज असते म्हणून ती जागा जपतात.

मुलींचा विचार वेगळा करा. सहा ते दहा ठेवलं आणि मुली आल्या नाहीत तर "मुलींना इंटरेस्ट नाही" असं लिहून मोकळं होऊ नका. त्यांच्यासाठी शाळा सुटल्यावर लगेच, पाच ते साडेसात अशी वेळ ठेवा, वेगळा आणि स्वच्छ, कडी नीट लागणारा संडास उघडा ठेवा, एखाद्या ताई किंवा आई त्या वेळात हजर राहतील असं बघा, आणि वस्तीपर्यंत ग्रुपने जायची सोय लावा. मुलींना एसटीचा पास बारावीपर्यंत मोफत आहे, पण शेवटची गाडी किती वाजता सुटते त्याच्यावर अभ्यासिकेची वेळ ठरते. डेपो मॅनेजरला शाळेच्या लेटरहेडवर पत्र दिलं तर गाडीची वेळ दहा-पंधरा मिनिटं पुढेमागे होऊ शकते, पत्र द्यायला काय जातंय.

खाजगी क्लासवाल्यांनी याच खोलीत रविवारी आठवीच्या जिल्हा परिषद-अनुदानित शाळेच्या मुलांची एनएमएमएस या शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी घ्यावी असं मला फार वाटतं. या परीक्षेतून निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला १२ हजार रुपये मिळतात, घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असलं पाहिजे. बुद्धिमत्ता चाचणीचा सराव नाही म्हणून हुशार पोरं मागे पडतात, आणि तो सराव क्लासवाल्यांच्या डाव्या हाताचा मळ आहे.

लॅब आणि गावचं पाणी

कॉलेजची केमिस्ट्री लॅब असेल तर गावातल्या विहिरी-बोअरचं पाणी तपासा. टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत चांगलं, दुसरा सोर्सच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात, नायट्रेट ४५ च्या आत, फ्लोराईड १ च्या आत आणि जास्तीत जास्त दीड. हे भारतीय मानकातले आकडे आहेत, लॅबच्या भिंतीवर मराठीत लावून ठेवा. यवतमाळ, चंद्रपूर भागात फ्लोराईडचा त्रास माहितीचा आहे, बाकी ठिकाणी खताचं आणि गोठ्या-शोषखड्ड्याचं नायट्रेट जास्त सापडतं. आणि लोकांना हे जरूर सांगा की पाणी उकळून फ्लोराईड-नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटलं की प्रमाण वाढतं. आपल्या लॅबमध्ये जास्त निघालं तर घाबरवणारा मेसेज न फिरवता तो नमुना भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत पाठवा, तिथला रिपोर्ट आला की मग ग्रामपंचायतीत मांडा.

लॅब नसली तर टेप आणि खडूवर होणारं काम आहे, विहिरीची पातळी मोजणं. गावातल्या आठ-दहा विहिरी निवडा, मालकांची परवानगी घ्या, प्रत्येकीच्या कठड्यावर पांढऱ्या रंगाने एक खूण करा आणि दर वेळी तिथूनच टेप सोडा. सकाळी मोटर चालू व्हायच्या आधी मोजायचं. आलेल्या आकड्यातून कठड्याची उंची वजा करायची म्हणजे जमिनीपासून पाणी किती खोल ते कळतं. मुलांनी कठड्यावर वाकायचं नाही, टेप मोठ्या माणसाने सोडायचा, मुलांनी आकडा लिहायचा, हे शंभरदा सांगा. मे महिन्यात एकदा आणि पाऊस संपल्यावर ऑक्टोबरमध्ये एकदा, एवढं पुरे. शाळेच्या छपरावर पर्जन्यमापक ठेवला तर गणिताचा तास पण होतो, एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर, मग आपल्या २०० चौरस मीटर छपरावर ६०० मिलिमीटर पावसात किती? १ लाख २० हजार लिटर, गळती-बाष्प धरून ८० टक्के हाती लागलं तरी ९६ हजार. पोरं हा आकडा घरी जाऊन सांगतातच.

ऑक्टोबरचा तक्ता रब्बीच्या पेरणीआधी गावापुढे मांडला तर कांदा-गहू करायचा का हरभरा-ज्वारीवर भागवायचं याची चर्चा आकड्यावर होते. सातवीच्या पोरीने स्वतः लिहिलेला आकडा तिचा बाप हसण्यावारी नेत नाही.

हाताची कामं

पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. एस. एस. कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला आणि तिथून शाळांमध्ये मूलभूत तंत्रज्ञानाचा विषय गेला. आठवड्यातला एक दिवस मुलं वेल्डिंग-सुतारकाम, वीज, शेती-पशुपालन, घर-आरोग्य असं हाताने शिकतात आणि गावातली खरी कामं करून देतात. मला यातलं सगळ्यात आवडतं ते हे की काम खरं असतं, ग्राहक खरा असतो आणि पैसे पण खरे असतात. वायरिंग चुकली तर लाईट लागत नाही, मार्क वाढवून भागत नाही. तुमच्याकडे पूर्ण विषय सुरू करणं शक्य नसेल तरी गावातला गवंडी, इलेक्ट्रिशियन, शिवणकाम करणाऱ्या मावशी यांना मानधन देऊन पंधरा दिवसांतून एकदा शिकवायला बोलवा. त्यांना 'सर', 'मॅडम' म्हणा. त्यांची स्वतःची पोरं जेव्हा आपल्या बापाला शाळेत शिकवताना बघतात तेव्हा घरात काय बदलतं ते शब्दात सांगणं अवघड आहे.

प्रौढांचं शिक्षण पण यातच. उल्लास या सरकारी साक्षरता योजनेत १५ वर्षांपुढच्या निरक्षर माणसाला शिकवायला स्वयंसेवक लागतात आणि शेवटी १५० मार्कांची परीक्षा असते. मुरबाड तालुक्यात फांगणे गावी ८ मार्च २०१६ ला आजीबाईंची शाळा सुरू झाली, गुलाबी नऊवारी नेसून आज्या दुपारी घरची कामं आटपून पाटी घेऊन बसल्या. सही करता आली की बँकेत अंगठा द्यावा लागत नाही, हा मान कुणालाही हवा असतो.

पायरी ४: परवानगी आणि सुरक्षितता, यात ढिलाई नाही

शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव घ्या. कायद्याने तिच्यात ७५ टक्के पालक आणि ५० टक्के महिला असतात (विनाअनुदानित सोडून), तर ही समिती फक्त सह्यांपुरती न ठेवता हे काम तिच्याकडेच द्या. संस्थेचं लेखी पत्र घ्या. जागा कुठल्या पक्षाच्या, कुठल्या धर्माच्या कार्यक्रमाला मिळणार नाही हे ठरावातच लिहा, नंतर नाही म्हणायला आधार राहतो.

बाहेरचा माणूस मुलांबरोबर कधीच एकटा नको, मग तो कितीही मोठा देणगीदार असो. स्वयंसेवकाची पोलीस पडताळणी, येण्याजाण्याची नोंद, सखी सावित्री समिती (मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळेत असणारी) कागदावर नाही तर खरी, तक्रारपेटी रोज उघडली जाते का, चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ नंबर मुलांना पाठ आहे का. पोक्सोमध्ये (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्यात) गुन्हा कळूनही न कळवणं हा सुद्धा गुन्हा आहे हे प्रत्येक स्वयंसेवकाला पहिल्याच दिवशी सांगायचं.

आणि फोटो. वही घेताना, ताट घेताना, मदत घेताना मुलाचा फोटो काढू नका, पेपरला देऊ नका. उद्या वर्गातली पोरं त्याला त्याच फोटोवरून चिडवतात.

पायरी ५: शिक्षकांवर नवं ओझं टाकू नका

शिक्षक आधीच ऑनलाईन माहित्या भरून वैतागलेत. म्हणून हे काम चालू कामातच बसवा. एनएसएसमध्ये दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचं शिबिर असतंच, ते दर वर्षी नवीन गावात न नेता एकाच गावात तीन-चार वर्षं न्या. नव्या शिक्षण धोरणात कॉलेजच्या मुलांना फील्ड प्रोजेक्ट आणि सीईपीचे (समाजात जाऊन करायच्या कामाचे) क्रेडिट आहेत, रजिस्टरची शीट किंवा पाण्याचा तक्ता हाच प्रोजेक्ट धरा. शाळेत पाणी मोजणं म्हणजे भूगोल-गणित. जे शिक्षक खरंच वेळ देतात त्यांचा एखादा पर्यवेक्षणाचा तास कमी करा, नुसता सत्कार करून शाल देऊ नका.

पायरी ६: पैसा

वरच्या कामांना फार पैसा लागत नाही, म्हणून तो शेवटी शोधा. आधी गावाचा वाटा येऊ द्या, तो लहान असला तरी. दुधगावात भाऊराव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घराघरातून मूठमूठ धान्य जमा करून वसतिगृह चालवलं होतं, ज्या घराने मूठभर ज्वारी दिली त्या घराला ते वसतिगृह आपलं वाटत होतं. मग माजी विद्यार्थी. मग ग्रामपंचायतीचा विकास आराखडा, त्यात शिक्षणाचं काम ग्रामसभेतूनच घालता येतं. कंपन्यांचा सीएसआर (समाजकामाचा निधी) सगळ्यात शेवटी, तो मोठ्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के द्यावाच लागतो, पण संस्थेकडे १२ए, ८०जी (या दोन्ही आयकराच्या) आणि सीएसआर-१ (कंपनी खात्याची) नोंदणी लागते आणि पैसा बहुतेक वेळा वर्षभराचाच असतो. वीजबिल-मानधन असा दर महिन्याचा खर्च त्याच्यावर टाकू नका, प्रिंटर-कपाटं-सोलर अशा एकदाच्या वस्तूंना घ्या.

पायरी ७: मोजा, पण बरोबर गोष्ट मोजा

"१२ शिबिरं, ८०० लाभार्थी" याला काही अर्थ नाही. दाखल्यांच्या टेबलाचं यश म्हणजे किती मुलांच्या खात्यात शिष्यवृत्ती खरोखर जमा झाली आणि उतारा मिळायला किती दिवस लागले. अभ्यासिकेचं यश म्हणजे मंगळवारी रात्री आठ वाजता किती जण बसलेत आणि मुलींच्या वेळेत मुली किती, शिवाय कुठल्या वस्तीतून कुणीच येत नाही. सुरू करायच्या आधीचा आकडा लिहून ठेवा, नाहीतर नंतर तुलना कशाशी करणार. वर्षातून एकदा हे आकडे शाळेच्या बाहेरच्या फळ्यावर लावा, कमी असतील तरी लावा, गावाला विश्वास त्यानेच बसतो.

पायरी ८: काम गावाकडे सोपवा

दुसऱ्या वर्षापासून तयारी करायची. अभ्यासिकेची चावी मुलांच्या कमिटीकडे गेलीच आहे, पाण्याचा तक्ता ग्रामपंचायतीच्या दप्तरात एक प्रत म्हणून जाऊ द्या, दाखल्यांच्या टेबलावर एखादी बारावी झालेली गावातली मुलगी शिकवून तयार करा आणि तिला मानधन द्या. प्रत्येक कामाची एक पानाची लेखी पद्धत फाईलला लावा, पासवर्ड-चाव्या-फोन नंबर सकट, म्हणजे साहेब बदलले तरी नव्या माणसाला शोधाशोध करावी लागत नाही.

कधी सुरू करायचं असं विचाराल तर जूनची वाट बघू नका, जूनमध्ये ॲडमिशनच्या गडबडीत काहीच होत नाही. ऑगस्टमध्ये वहीची यादी आणि वस्त्यांवरची विचारपूस, २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ठराव, दिवाळीच्या सुट्टीत रजिस्टरचे फोटो, डिसेंबरपासून दाखल्यांचं टेबल. जानेवारीपासून अभ्यासिका, बोर्डाच्या परीक्षा तोंडावर असतात म्हणून पहिल्याच आठवड्यात खोली भरते. आणि मे महिन्यात, उन्हाळी सुट्टी असली तरी, विहिरींची पहिली मोजणी चुकवू नका.